अर्ध्यावर अडलेला नांगर

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं. समोरच्या दुकानदाराने तर दुकानाला कुलूप लावून बसायला स्वतःचं स्टूल आणलं होतं. सगळ्यांचे डोळे एका छोट्या निळ्या ट्रॅक्टरच्या पाठीकडे लागले होते. ट्रॅक्टरला मागे दोन फाळांचा नांगर जोडलेला होता आणि त्या नांगराला कुणीतरी फुलांचा हार घातला होता.

"ओढा लिव्हर!" मौनीबाबा गरजले.

यांना मौनीबाबा का म्हणत कुणास ठाऊक. सकाळपासून त्यांचं तोंड मिनिटभरही मिटलं नव्हतं.

ट्रॅक्टर भडभडत होता. सीटवर बसलेल्या ड्रायव्हरने उजव्या हाताची लिव्हर मागे ओढली. मागचे दोन लोखंडी हात नांगराला घेऊन वीतभर उचलले गेले आणि थांबले. फाळांची टोकं अजून मातीला टेकत होती. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी जोर लावला, घामाघूम झाला. लिव्हर तसूभरही आणखी मागे आली नाही.

"बघितलंत? याच्या मनगटात जोर कमी आहे का? तेल कमी आहे का?"

"तेल मी स्वतः बदललं," ड्रायव्हर म्हणाला. "फिल्टरही नवा टाकलाय."

"ऐका! अरे, हे तेलाचं काम नाही, तळमळीचं काम आहे! जिथे मेकॅनिकचं डोकं संपतं, तिथून माझं सुरू होतं!"

हे शेवटचं वाक्य बाबांनी दोनदा म्हटलं. पहिल्या वेळी टाळ्या कमी पडल्या होत्या.

मग त्यांचा चेला सीटवर चढला. त्याच्या मांडीवर, लिव्हरसकट सगळं झाकलं जाईल अशी, मोठी पांढरी शाल पांघरली गेली. आत्म्याचा हात उघड्यावर येत नाही म्हणे, लाजतो. चेल्याने डोळे मिटले, बाबांनी वर पाहिलं, काहीबाही पुटपुटले आणि मोठ्याने विचारलं, "बाळा, आलास का?"

आणि नांगर उठला. वीतभर, हातभर, कमरेएवढा! फाळांची माती खाली गळू लागली आणि गर्दीच्या तोंडून एकच आवाज निघाला. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल वर धरला.

ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसलेली आई उठून उभी राहिली. "आला," ती म्हणाली. "माझा मुलगा आला."

तिला हसू नका. चाळीस दिवसांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा बागेच्या बांधावर छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. वय छत्तीस. त्याच्या चपला अजून दाराशी होत्या आणि आई रोज त्या पुसून परत तिथेच ठेवत होती. ज्या आईला कुणी म्हणेल, तुझा मुलगा या लोखंडातून हो म्हणतोय, ती लोखंडाच्या पाया पडणार नाही तर काय करील?

त्याचं असं झालं होतं. तिसाव्या दिवशी नांगरट करायची म्हणून ड्रायव्हर बोलावला. त्याने नांगर जोडला, तर तो पुरता उचललाच जाईना. अंगणापासून रस्त्यापर्यंत फाळांनी दोन चर ओढले गेले. हा ट्रॅक्टर मुलाशिवाय कुणी वापरला नव्हता. तो जाण्याआधीचे काही महिने फक्त सून चालवायची, तीही नवऱ्याच्या देखरेखीखाली. दुसऱ्या दिवशी शेजारीण सहज बोलून गेली, "त्याचा जीव अडकलाय हो त्यात." बोलणं वाऱ्यासारखं पसरलं आणि त्या वाऱ्यावर मौनीबाबा आले. पहिल्या दिवशी चेल्याने ट्रॅक्टर एकट्याने धुतला. शुद्धी करायची म्हणून कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चमत्कार सुरू.

नांगर वर असतानाच बाबांनी विचारलं, "बाळा, तुला या घरात कुणी अडकवून ठेवलंय का?"

नांगर धाडकन खाली आला. बायाबापड्या दचकल्या.

"अडकवलंय," बाबा म्हणाले. आवाज खाली आणून, मोजून. "शेवटच्या घडीला जवळ कोण होतं?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात सून उभी होती. तिच्या पदराआड सहा वर्षांची लेक आईचा हात घट्ट धरून होती.

"तिने गुरुवारच्या आत माहेरी जावं. मुलगी या घराची आहे, ती राहील. गुरुवारी मी येतो, शेवटचं बोलणं करून देतो आणि हा ट्रॅक्टर माझ्या मठात नेतो. मग बाळ सुटला."

ट्रॅक्टर मठात गेल्याने आत्मा कसा सुटतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आईने सुनेकडे पाहिलंही नाही. नुसती म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," सून म्हणाली.

बुधवारी दुपारी मिस्त्रीकाका आले. ट्रॅक्टर दुरुस्तीत त्यांची हयात गेली होती. आईचा मुलगा शाळा सुटली की त्यांच्याच गॅरेजात पडलेला असायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे काकांना आधी येता आलं नव्हतं. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती. ते ओट्यावर बसले आणि दाराशी ठेवलेल्या चपलांकडे पाहत राहिले.

"त्याला पाना धरायला मी शिकवला वहिनी," शेवटी ते म्हणाले. "आणि मला त्याच्या मातीला येता आलं नाही."

आई त्यांचं सांत्वन करत म्हणाली, "उद्या या भावजी. उद्या तो बोलणार आहे."

मग तिने सगळं सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की काकांना मध्ये बोलवेना. ओसरीत कपड्यांनी भरलेली एक बॅग त्यांना दिसली. आतून नातीचं रडणं ऐकू येत होतं. आई कुठे चाललीये, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"ट्रॅक्टर एकदा बघू का?" काकांनी विचारलं.

"हात लावू नका. त्याला आवडायचं नाही."

"माझा हात त्याला चालायचा वहिनी."

आई बाजूला झाली. काकांनी ट्रॅक्टर सुरू केला, लिफ्ट वर घेतली. वीतभर वर आली, थांबली. बंद करून त्यांनी नांगर सोडवला आणि नुसते लोखंडी हात पुन्हा वर घेतले. तेवढेच वर आले, तिथेच थांबले. खिशातली टेप काढून त्यांनी दोन्ही वेळचं माप घेतलं.

"वहिनी, पंप थकला असता ना, तर ओझं काढल्यावर हे हात वर गेले असते. मी ओझं घेऊन थकतो, रिकामा असलो की चालतो, तसंच. पण हे भरलेले असोत की रिकामे, एकाच जागी थांबतात. बोटाचाही फरक नाही. म्हणजे कुणीतरी अडवलंय."

"तेच तर मी म्हणते! तोच अडवतोय."

"असेल. कशाने अडवतोय, तेवढं बघू."

काका सीटच्या बाजूला वाकले. लिव्हर एका कमानदार पट्टीच्या खाचेतून मागेपुढे सरकते. आत्तापर्यंत अख्ख्या वस्तीने नांगराकडे डोळे फाडून पाहिलं होतं. लिव्हर का थांबते ते कुणीच पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर मोठ्या ट्रॅक्टरवरचा माणूस. त्याला वाटलं, छोट्याची लिव्हर एवढीच येत असेल. काकांनी एका डोळ्याने पाहिलं. पट्टीच्या मधोमध, मडगार्डच्या आतल्या अंगाला, ग्रीसचा मोठा गोळा थापलेला होता.

"इथे ग्रीस कुणी लावलं?"

"कुणी नाही. का?"

"इथे ग्रीस लावायचं कामच नसतं. इथे काही फिरत नाही." त्यांनी फडकं घेतलं, गोळा पुसून काढला. आतून बोराएवढी एक काळी मूठ निघाली, स्क्रूच्या आट्यांवर बसवलेली. "हा स्टॉपर. लिव्हर याला येऊन टेकते आणि थांबते. लिफ्ट किती वर जाऊ द्यायची ते यावर ठरतं. मूठ दोन फेरे सैल करा, मागे सरकवा, लिव्हर पूर्ण मागे येते. परत पुढे आणून आवळा, पुन्हा अर्ध्यावर. शालीखाली एका हाताचं काम आहे, आणि ग्रीस ती लपवायला. चेला आधी काय करायचा?"

उत्तर दारातून आलं. "ट्रॅक्टर पोचवायचा," सून म्हणाली. "कुठल्यातरी शोरूमचे. पहिल्या दिवशी बोलता बोलता म्हणाला होता."

काका अजून मुठीकडेच पाहत होते. मुठीवर लालभडक रंगाची एक बारीक रेघ होती आणि पट्टीवर दुसरी. दोन्ही एकमेकींपासून बोटभर सरकलेल्या. "ही रेघ आधी सलग होती. नट बसवला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची. कुणी फिरवला तर रेघ तुटते आणि कळतं. ही माझी सवय, त्याने उचललेली. पण हा रंग कसला म्हणायचा?"

सून जवळ आली आणि खाली वाकून पाहिलं. "माझं नेलपॉलिश आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बाटली सापडत नव्हती. लेकीला रागावले होते मी."

काकांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"उन्हाळ्यातच तू ढेकळं फोडायचा तो रोटाव्हेटर चालवायला शिकलीस ना?" काकांनी विचारलं.

"हो. ते रोज सांगायचे, वळताना रोटाव्हेटर फार उचलू नकोस. ट्रॅक्टरपासून त्याला फिरवणारा मधला शाफ्ट चालू असतो, जास्त वाकला की खडखडतो, तुटून अंगावर येतो. आणि काका, माझ्या हातून तो एकदाही खडखडला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले होते. ते नुसते हसायचे." बोलता बोलता तिला उमगलं आणि तिने तोंडावर हात धरला. "मला वाटायचं मीच जपून उचलते."

"त्याने तुला सांगितलं नाही, कारण तुझा उत्साह गेला असता," काका म्हणाले. "गुपचूप आवळून ठेवला. शिकून पक्की झालीस की सोडणार असेल. तेवढा वेळ मिळाला नाही."

सुनेला रडू कोसळलं. चाळीस दिवसांत ती लोकांसमोर रडली नव्हती, म्हणून तिला दगड म्हणणारे पुष्कळ होते. आज ती टायरला धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

आईच्या मनात भलतंच चाललं होतं. "म्हणजे त्यानेच अडवलं होतं. मी म्हणाले नव्हते?"

"हो वहिनी, त्यानेच. पण उन्हाळ्यात, जिवंत असताना, दोन हातांनी." काकांनी मुठीवर बोट ठेवलं. "सोडू का आता? आत्ता नांगर पूर्ण उचलतो बघा."

"नको!" आई जवळजवळ ओरडली. "आहे तसं राहू द्या. उद्या बघू."

ती आत निघून गेली. तिला काका खरं बोलतायत हे कळलं होतं. कळूनही तिला ते नको होतं, आणि यात तिचं काही चुकलं असं निदान मी तरी म्हणणार नाही. बाबांनी तिला मुलगा परत दिला होता. काकांनी एक मूठ दाखवून तो पुन्हा नेला.

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. बाबा आले, चहा झाला, तो कमी गोड होता म्हणून दुसरा झाला. ड्रायव्हरने लिव्हर ओढली, नांगर वीतभर उठून थांबला. बाबांनी तळमळीचं वाक्य म्हटलं. चेला सीटवर चढला आणि शालीची घडी उलगडू लागला.

"शाल नको," आई म्हणाली.

बाबा हसले. "माउली, उघड्यावर आत्मा येत नाही."

"माझा मुलगा आहे तो. आंघोळीनंतर टॉवेल शोधत घरभर हिंडायचा. त्याला आईसमोर यायला शाल कशाला लागेल?"

गर्दीत हसू फुटलं, पण आई हसत नव्हती. ती पुढे झाली, चेल्याच्या हातातून शाल घेतली आणि खुर्चीवर ठेवली. "दोन्ही हात सगळ्यांना दिसू देत. फक्त लिव्हर ओढ, बाकी कशाला हात लावू नकोस. बाबा, तुम्ही विचारा."

बाबांनी चेल्याकडे पाहिलं. पण शे-दीडशे डोळे होते, आणि आईच्या शब्दाला नाही कसं म्हणणार? त्यांनी वर पाहून विचारलं, "बाळा, आलास का?"

त्या क्षणी आईच्या मनात काय होतं ते गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटलं, बाई बाबाला पकडायला निघाली आहे. ती मनातल्या मनात विनवत होती. ये रे. मला खोटी पाड, काकांना खोटं पाड, त्या मुठीला खोटी पाड. एकदा वर ये, मी जन्मात काही मागणार नाही.

चेल्याने लिव्हर ओढली. नांगर वीतभर उठला आणि थांबला.

आई पाहत राहिली. इंजिन भडभडत होतं. नांगर तिथेच होता.

"संशय!" बाबा ओरडले. "इथे कुणाच्या तरी मनात संशय आहे! पवित्र वातावरण बिघडलं!"

"सोड ग ती मूठ," आई सुनेला म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सुनेला ओठांवरून कळलं.

सून ट्रॅक्टरवर चढली. चेला न सांगता उतरला. तिने सगळ्यांना दिसेल असं बोट ठेवून मूठ दाखवली, दोन फेरे सैल केली, मागे सरकवली आणि लिव्हर ओढली. नांगर सरसर कमरेएवढा वर गेला. तिने खाली घेतला, पुन्हा वर घेतला. मग ड्रायव्हरला बोलावून त्याला करायला लावलं. मग त्या स्टूलवाल्या दुकानदाराला. प्रत्येकाला आत्मा एकसारखा प्रसन्न झाला.

"अरे! एवढंच?" दुकानदार म्हणाला. आठवडाभर बंद ठेवलेलं दुकान त्याला आत्ता आठवलं असावं.

बाबा निघाले. ज्यांच्या मनात संशय त्यांच्या घरचं मी पाणीही घेत नाही, असं म्हणत निघाले. दोन कप चहा पोटात होता तो भाग वेगळा. फाटकाशी काकांनी त्यांना अडवलं. "एका आईकडून तिची नात पोरकी करून घेत होतात," ते म्हणाले. "एवढं केलंत तरी कशासाठी? ट्रॅक्टरसाठी?" बाबांना पहिल्यांदाच आपल्या नावाला जागावं लागलं. जमाव पांगला. जाता जाता दोघे-तिघे म्हणत होते की बाबांची शक्ती खरीच आहे, या बाईने मोडता घातला. असे दोघे-तिघे सगळीकडे असतात.

अंगण रिकामं झालं. सुनेने ट्रॅक्टर बंद केला. आई नांगराशेजारी जमिनीवरच बसली होती. आता तिचा मुलगा गेला होता. चाळीस दिवसांपूर्वी गेला तेव्हा तिने मानलं नव्हतं. आज तिने स्वतःच्या हाताने शाल बाजूला ठेवली आणि तो गेला.

सून तिच्याजवळ येऊन बसली. बॅगेचा विषय कुणी काढला नाही.

"इतके दिवस मी या लोखंडाला विचारत बसले," आई म्हणाली. "त्याच्याजवळ तू होतीस. तुला एकदाही विचारलं नाही. तो काही म्हणाला का ग?"

"म्हणाले, तू ही ओळ पुरी कर, मी जरा टेकतो." सून खाली मान घालून बोलत होती. "मी पुरी केली, आई. इंजिनाचा आवाज होता. वळून पाहिलं तेव्हा... मी ओळ अर्ध्यावर सोडली असती तर?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की झटका इतका मोठा होता की कुणीही काही करू शकलं नसतं. पण ते आठवायला तिला वेळ लागला. आठवल्यावर तिने ते सुनेला सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. सून ऐकत राहिली.

पंधरा दिवसांनी पलीकडच्या वस्तीतली एक बाई आईला भेटायला आली. तिचा नवरा नुकताच गेला होता. मौनीबाबा आता त्या बाजूला होते आणि तिच्या घरातल्या शिवणयंत्राची सुई आपोआप हलते असं म्हणत होते.

"तुम्ही अनुभव घेतलाय," ती बाई म्हणाली. "खरं सांगा. येतात का हो ते?"

आईने तिला पाणी दिलं. आपल्या डोळ्यांत ती बाई जे शोधत होती, ते आईला चांगलं ठाऊक होतं. ते द्यायला एक शब्द पुरला असता.

"नाही येत," आई म्हणाली. "माझा यावा म्हणून मी जीव टाकला. नाही आला. यायचा असता तर माझ्यासाठी आला असता." तिने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. "मशीन उघडून बघा. कुणी झाकायला सांगितलं तर झाकू नका. जाणत्या माणसाला बोलवा आणि सुई कशाने हलते ते बघा. मी नाही बघितलं, आणि घरातली माणसं घालवायला निघाले होते."

ती बाई रडू लागली. आईही रडली.

"घरी कोण आहे तुमच्या?" आईने विचारलं.

"सासरे आहेत. ते काही बोलतच नाहीत."

"त्यांचाही मुलगाच गेलाय ना?" आई म्हणाली. "घरी जा आणि त्यांच्याजवळ बसा."